दोन गाठींचा इशारा

माणसं यायच्या आधी आर्डिसने एक काम उरकून घेतलं. शेडमधून हातभर दोरी आणली, सापळ्यांची जाळी विणायला घेतात तसली डांबराच्या वासाची, आणि हार्लनच्या कॉफीच्या मगाच्या कानाला तिच्या दोन गाठी मारल्या. एक वेढा, एक गाठ. दुसरा वेढा, दुसरी गाठ. दोन्ही घट्ट ओढून तिने तो मग टेबलाच्या डोक्याशी, नवऱ्याच्या रोजच्या जागी ठेवला.

टार्बेल हार्बरमध्ये या दोन गाठींचा अर्थ न कळणारं माणूस नव्हतं. शेवंडीचे सापळे कुणी दुसऱ्याच्या जागेत टाकले, तर त्याच्या बोयाच्या, म्हणजे सापळ्याच्या दोराला बांधलेल्या तरंगत्या खुणेच्या, दांड्याला अशा दोन गाठी मारून ठेवायच्या. नाव नाही, शिवी नाही, भांडण नाही. समोरच्याने गाठी बघून सापळे उचलून न्यावेत. नाही नेले तर पुढच्या खेपेला दोर कापला जातो आणि सापळे तळाशी राहतात. इशारा एकदाच मिळतो. न सांगता कापणारा तो चोर आणि सांगून कापणारा सभ्य माणूस, ही हार्बरची जुनी समजूत होती. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्याची मात्र तशी काही समजूत नव्हती, आणि हार्लन क्रॉलीच्या घरावर आजचा रविवार आला होता तो त्याचमुळे.

जुलैमध्ये रॉइस पिंकहॅमने मेअर खडकाच्या कडेला सापळे टाकले. ती जागा क्रॉलींची, हार्लनच्या आजोबांपासूनची. हार्लनच्या मुलाने, टेटने, रीतसर गाठी मारल्या. रॉइसने त्या सोडल्या आणि दोरी क्रॉलींच्या धक्क्यावर आणून टाकली. पुढच्याच आठवड्यात धुक्याच्या पहाटे कुणीतरी त्याचे सगळे दोर कापले. सागरी गस्तीच्या अधिकाऱ्याने धक्क्यावर येऊन टेटला विचारलं, "गाठी तुझ्या का?" टेटने मान ताठ ठेवून सांगितलं, "माझ्याच. मी त्याला आधी सांगितलं होतं." सभ्य माणसाने दुसरं काय सांगायचं? तेवढ्या एका वाक्यावर पोरगा आरोपी झाला.

सापळे टेटने कापले नव्हते. त्या पहाटे हार्लन उजाडायच्या आत बाहेर पडला होता. पंप दुरुस्त करतोय म्हणाला. नाश्त्याला परत आला, पोटभर बीन्स खाल्ले आणि उठून स्वतःची ताटली स्वतः धुतली. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत या माणसाने सिंकला हात लावला नव्हता. आर्डिस तिथेच हातातलं फडकं घेऊन उभी राहिली, आणि दुपारी पिंकहॅमच्या सापळ्यांची बातमी आली तेव्हा तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

त्यानंतर चार महिने घराने मिठाची गुळणी धरली होती. टेटला माहीत होतं, कारण धुक्यात कुणाला तरी पांढरी-हिरवी बोट दिसली होती, बापाची आणि त्याची दोन्ही तशाच, आणि त्याची त्या दिवशी जागची हलली नव्हती. हार्लनला माहीत होतं की टेटला माहीत आहे. बोललं कुणीच नाही. आणि आता उद्या सकाळी टेटने कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल करायचा होता.

हार्लन हात पुसत आत आला. खुर्ची ओढली, बसला, मगाकडे हात नेला आणि हात हवेतच राहिला. आर्डिस पाठमोरी होती, पण खिडकीच्या काचेत तिला तो दिसत होता. त्याने अंगठ्याच्या नखाने एक गाठ सोडली, मग दुसरी, आणि दोरी शर्टाच्या खिशात घातली.

"कॉफी आहे का?" तो म्हणाला.

"आहे." तिने ओतली. 

टेट आणि त्याची बायको केंड्रा आले. केंड्राचे दिवस भरत आले होते. ती दोन्ही हात कंबरेला लावूनच आत आली आणि सासऱ्यापासून सर्वांत लांबच्या खुर्चीत बसली. मागोमाग ड्वाइट आला, हार्लनचा धाकटा भाऊ, दार न ठोठावता, बायकोने दिलेली भोपळ्याची गोड पाई हातात घेऊन. "वहिनी, उपाशी पोटी कोर्टाच्या गोष्टी करू नयेत म्हणतात," तो म्हणाला आणि कुणी हसत नाही हे बघून पाई मुकाट्याने ओट्यावर ठेवली. शेवटी प्रिसिला नॉइस आली, टेटची वकील. हार्बर तिला वकीलबाई म्हणायचं. बारीक चणीची होती, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची.

तिने खुर्ची घेतली, पण फाइल उघडली नाही. "आधी एक गोष्ट. मला टेटशी एकट्याशी बोलायचंय. माझ्यात आणि त्याच्यात जे बोललं जाईल ते कोर्ट मला विचारू शकत नाही. बाकी कुणी खोलीत असेल तर ते संरक्षण मोडतं. उद्या सरकारी वकील या टेबलावरच्या कुणालाही साक्षीला बोलावू शकतो."

"या स्वयंपाकघरातून घरच्या माणसाला आजवर कुणी बाहेर काढलेलं नाही," हार्लन म्हणाला. "माझ्या आजोबांनी बोट विकायचं ठरवलं तेही याच टेबलावर, सगळ्यांसमोर."

"बोट विकण्याबद्दल साक्ष काढत नाहीत, हार्लन."

"सगळेच बसू द्या," टेट म्हणाला. "लपवण्यासारखं काही नाही."

 वकीलबाईंनी एकेकाकडे पाहिलं, नाइलाजाने मान हलवली आणि फाइल उघडली.

"एकदा स्पष्ट सांगते, मग विचारा. आरोप दोन आहेत. पहिला, दुसऱ्याच्या मालाचं मुद्दाम नुकसान. नुकसानीचा आकडा मोठा, म्हणून तो सी वर्गाचा. म्हणजे गंभीर. पाच वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. दुसरा शेवंडीच्या सापळ्यांशी छेडछाड केल्याचा, तो डी वर्गाचा, त्याहून हलका. सरकारी वकिलाचं म्हणणं असं, की टेटने डी वर्गाचा गुन्हा कबूल करावा, सी वर्गाचा ते काढून टाकतील. तुरुंग नाही. सापळ्यांची भरपाई. आणि मासेमारीचा परवाना तीन वर्षं बंद."

"तीन वर्षं," केंड्रा हळूच म्हणाली, जणू पहिल्यांदाच ऐकत होती.

"मी सांगतो त्याहून सोपा रस्ता," हार्लन पुढे सरकला. "काल रॉइस चर्चबाहेर भेटला. मी त्याला नवे सापळे देतो म्हटलं. तो म्हणतो, मला कोर्टकचेरी नकोच. तक्रार मागे घेईल तो. संपलं."

"संपत नाही. फिर्यादी रॉइस नाहीच." तिने पहिलं पान त्याच्यासमोर सरकवलं. "इथे काय लिहिलंय बघा. मेन राज्य विरुद्ध टेट क्रॉली. रॉइस फक्त साक्षीदार. त्याने माफ केलं म्हणून राज्य माफ करत नाही."

"राज्याचे सापळे कापले होय कुणी," ड्वाइट पुटपुटला.

"मग लढायचं," हार्लन म्हणाला. "ज्यूरीपुढे जायचं. या हार्बरमधला कुठला माणूस टेटला दोषी ठरवेल? त्याने इशारा दिला होता. हे सांगा त्यांना. न सांगता केलेलं काम नाही ते."

"हार्लन, न सांगता केलं असतं ना, तर सरकारच्या हातात काही नव्हतं. धुक्यात दिसलेली एक पांढरी-हिरवी बोट, बस. पण तुमच्या पोराने स्वतःच्या तोंडाने गाठी आपल्या म्हणून सांगितल्या. तुम्ही त्याला रीत म्हणता. सरकारी वकील त्याला पूर्वतयारी म्हणेल. रागाच्या भरात नाही, ठरवून केलं, असं सिद्ध करायला त्याला त्या गाठी पुरतात. आणि ज्यूरी हार्बरची नसते, जिल्ह्याची असते. ब्लूबेरीवाले येतील, शाळेतले मास्तर येतील, दुकानात काउंटरवर बसणाऱ्या बायका येतील. त्यांना दोन गाठी दाखवल्या तर त्या दोन गाठीच दिसतील."

हार्लनने खिशावर हात ठेवला आणि लगेच काढला. आर्डिसने ते पाहिलं.

"आणि सी वर्गाचा गुन्हा सिद्ध झाला तर?" केंड्राने विचारलं. "सगळं सांगा. मला सगळं ऐकायचंय."

"तर तो नावाला चिकटतो. बंदूक बाळगता येत नाही, हरिणाच्या हंगामातसुद्धा नाही. नोकरीच्या अर्जात विचारतात. घर भाड्याने घेताना विचारतात. उद्या तुमच्या मुलाच्या शाळेची सहल निघाली आणि टेटला सोबत जायचं असलं, तरी विचारतील. डी वर्गाचाही नावावर राहतोच, मी खोटं सांगणार नाही. पण त्याने एवढी दारं बंद होत नाहीत."

"मग तडजोडच करायची," केंड्रा म्हणाली. "परवाना परत मिळेल. नाव परत मिळणार नाही."

"पोरगी बरोबर बोलतेय," ड्वाइट म्हणाला. एरवी या दोघांचं हवापाण्यावरसुद्धा एकमत होत नसे. केंड्राने चमकून त्याच्याकडे पाहिलं. "तीन वर्षं काय, बघता बघता जातील. तोवर जागा राखायला घरचं कुणीतरी हवंच. नाहीतर पिंकहॅम फतकल मारून बसेल."

"घरचं म्हणजे तुझा पोरगा, वेड," हार्लन म्हणाला.

"वेडने राखली तर बिघडलं कुठे? क्रॉलीच आहे तो."

"मेअर खडकावर डोळा ठेवून तू इथे पाई घेऊन आलायस. भावाच्या घरावर संकट आलंय आणि तू जागा मोजतोयस."

"मी निदान खरं बोलतोय," ड्वाइटचा आवाज चढला. "तू लढ म्हणतोस. तू कोर्टात लढला होतास ना, त्या जुन्या सापळ्यांच्या भांडणात? काय मिळालं? दोषी ठरलास, परवाना गेला, आणि दोन हंगाम माझ्या बोटीवर आमिषाच्या बादल्या भरल्यास. मी तेव्हा काही बोललो का? आता तुझ्या हट्टापायी पोराला त्याच खड्ड्यात घालतोस."

 हार्लनच्या मानेवर लाली चढली होती. आर्डिसला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला. तो लढ लढ का म्हणतोय हे तिला स्वच्छ कळत होतं. पोरगा निर्दोष सुटला, तर कुणालाच काही कबूल करावं लागणार नव्हतं. त्याच एका आशेवर त्याने चार महिने काढले होते.

"बाबा," टेट म्हणाला. आल्यापासून त्याने पहिल्यांदाच बापाच्या डोळ्यांत पाहिलं. "उद्या उभं मला राहायचंय. मी तडजोड घेतोय. विषय संपला."

"टेट, ऐक माझं."

"तुमचं बरंच ऐकलं मी."

एवढं बोलून तो नखं बघत बसला. वकीलबाईंनी चष्मा नाकावर सारला. "ठीक. मग तालीम करू. न्यायाधीश ठरलेले प्रश्न विचारतात, कुणीही असो. तू उभा राहा. खिशातून हात काढ."

टेट उभा राहिला. फ्रीजला पाठ टेकवून, लहानपणी उंची मोजायला राहायचा तसा. आर्डिसला बघवेना, पण नजर हलेना.

"तुम्ही आज दारू, औषध काही घेतलंय?"

"नाही."

"ज्यूरीपुढे खटला चालवण्याचा तुमचा हक्क तुम्ही सोडताय, हे कळतंय?"

"हो."

"कबुली द्यावी म्हणून कुणी धमकावलं? कुणी काही वचन दिलं?"

"नाही."

"तुम्ही दोषी आहात म्हणून दोषी असल्याचं सांगताय, दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी नाही. बरोबर?"

टेटचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.  केंड्राने मान खाली घातली. तिला नवऱ्याचं थांबणं कळलं होतं, कारण मात्र कळलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"असं चालणार नाही. एवढं थांबलास तर न्यायाधीश तिथेच अडवतील. आत काहीतरी वेगळं आहे हे त्यांना कळतं. आणि मी तुला तिथे खोटं बोलायला उभं करू शकत नाही, हेही लक्षात ठेव. पुन्हा विचारते. दोषी आहात म्हणून, दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी नाही?"

"हो. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी नाही."

या वेळी तो झटकन बोलला, आणि बोलताना बापाच्या मगाकडे बघत होता. हार्लन टेबलाच्या लाकडाकडे बघत होता. आर्डिस वाट बघत राहिली. बोल, आता तरी बोल. तिने मनातल्या मनात त्याला दहा वेळा विनवलं. तिला नवराही हवा होता आणि मुलगाही हवा होता, आणि दोघांपैकी कुणाला तरी आज हातानेच सोडायचं होतं. हार्लनने घसा खाकरला आणि समोरचा मग उचलला. कॉफी कधीच संपली होती. तरी तो प्यायला.

"वकीलबाई," आर्डिस म्हणाली, "बायकोला नवऱ्याविरुद्ध बोलायला लावता येतं?"

 ड्वाइटचं तोंड उघडं राहिलं. प्रिसिला नॉइसने पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच ती आर्डिसच्या कपाळाकडे न बघता डोळ्यांत बघत होती.

"बहुतेक वेळा जबरदस्ती करता येत नाही," ती सावकाश म्हणाली. "तिने स्वतःहून बोलायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी. आर्डिस, आता पुढे एक शब्द नको. टेट सोडून सगळ्यांनी बाहेर जा. आत्ता."

"कुणी उठायचं नाही," हार्लन म्हणाला.

त्याने खिशातून दोरी काढली आणि टेबलावर ठेवली. गाठींच्या जागी तिला अजून बाक होता. "हिने मला मघाशी रीतसर इशारा दिलाय. मगाला बांधून. मी खिशात घातला, जसा रॉइसने आमच्या धक्क्यावर टाकला होता." तो थांबला. "टेटने नुसत्या गाठी मारल्या. सापळे मी कापले."

"बाबा, गप्प बसा."

"पुरे गप्प बसलो. मला वाटलं ज्यूरी तुला सोडेल. मग ही तडजोड निघाली, आणि माझी छाती झाली नाही. त्या जुन्या भांडणानंतर माझा हा दुसरा गुन्हा. मला तडजोड मिळणार नाही. बोट कायमची गेली असती. मी म्हटलं, हा तरुण आहे, याला तीन वर्षं जड जाणार नाहीत." त्याने दोरी टेबलावर सरळ केली. "असं म्हटलं मी. स्वतःच्या मनाशी, रोज."

केंड्रा उठली. एवढ्या जड अंगाने ती इतक्या झटक्यात उठेल असं वाटलं नव्हतं. "तुम्ही आमच्या घरी येऊन पाळणा रंगवलात. दोन शनिवार बसून. टेट शेजारी तुमचे ब्रश धूत होता. आणि तुम्ही विचारत होतात, पिवळा बरा की हिरवा."  टेट तिला धरायला गेला, तर तिने त्याचाही हात झिडकारला. "आणि तू. तुला माहीत होतं. तू मला, बायकोला, सांगितलं नाहीस."

ड्वाइटने टोपी उचलली. "मी काही ऐकलं नाही बुवा."

"ऐकलंत," वकीलबाई म्हणाल्या. "शपथेवर विचारलं तर सांगावं लागेल. म्हणून म्हणत होते, बाहेर जा." ड्वाइट पुन्हा बसला. त्याला आता खडकाची आठवण असेल असं आर्डिसला वाटलं नाही. तो भावाकडे बघत होता, आणि त्याची टोपी त्याच्या मांडीवर उलटी पडली होती.

वकीलबाईंनी कागद गोळा केले. "आता ऐका. मी हे ऐकल्यावर उद्या टेटला 'हो' म्हणायला उभं करणार नाही. मी तारीख मागेन. हार्लन, तुम्हाला वेगळा वकील लागेल आणि त्याच्याशी बोलल्याशिवाय तुम्ही कुणाशी काही बोलायचं नाही, गस्तीच्या अधिकाऱ्याशी तर मुळीच नाही. आणि टेट सुटला असं कुणी समजू नका. सरकारी वकील म्हणेल, बाप पोराला वाचवायला खोटं बोलतोय. गाठी अजून टेटच्याच आहेत."

"मग काय लागेल?" टेटने विचारलं.

तिने फाइल मिटली. निघताना दारात ती क्षणभर थांबली आणि आर्डिसकडे बघून गेली. लागणार होती ती आर्डिसची साक्ष, हे सगळ्यांनाच कळलं.

केंड्रा गाडीत जाऊन बसली होती. टेट दारातच घुटमळला. "आई, मी निभावलं असतं. मी ठरवलं होतं."

"तू ठरवलंस. त्याने ठरवलं. मला कुणी विचारलं?" तिने त्याच्या जाकिटाची चेन वर ओढली, शाळेत जाताना ओढायची तशी. "जा. ती एकटी बसलीय." ड्वाइटही त्याच्यामागून गेला. जाताना त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

पाई कुणीच कापली नव्हती. हार्लन खुर्चीत तसाच बसला होता, दोरी समोर.

"त्यांनी विचारलं तर सांगशील?" त्याने विचारलं.

"सांगेन."

"काय सांगशील? तू तर काही पाहिलं नाहीस."

"तू ताटली धुतलीस ते पाहिलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्याला आठवलं असावं, कारण त्याने डोळे मिटून घेतले.

"मला भीती वाटतेय, आर्डिस."

"मलाही वाटतेय." तिने दोरी उचलली आणि बोटाभोवती गुंडाळली. "पण न सांगता नाही कापलं मी, हार्लन."

"नाही," तो म्हणाला. "तसं नाही केलंस."

मग तो उठला, सगळ्यांचे मग गोळा करून सिंकपाशी गेला आणि बाह्या वर सारल्या. आर्डिसने त्याला अडवलं नाही. फडकं घेऊन ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तो देईल तो मग पुसत गेली.